बिननांगरी सासरे

आळशी ठरण्यासाठी इतके कष्ट उपसणारा माणूस आमच्या सासऱ्यांशिवाय जगात दुसरा झाला नसेल. कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात त्यांची भाताची सात खाचरं होती. ती नांगरायची नाहीत, चिखलायची नाहीत, भाजायची नाहीत, असं त्यांनी सत्तर सालच्या आसपास कधीतरी ठरवून टाकलं होतं. शेतकऱ्याने न करायच्या गोष्टींची यादी एवढी लांब असेल तर तो दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न मला लग्नाआधी पडला होता. उत्तर पहिल्याच आषाढात मिळालं. नांगर धरला नाही की तण माजतं, आणि ते वाकून वाकून हाताने उपटावं लागतं. नव्या जावयाला सासुरवाडीत पाटावर बसवतात असं मी ऐकून होतो. मला गुडघाभर गवतात बसवण्यात आलं.

मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नव्हती. ठाण्याला तुमच्या अंगणात पाला पडतो का, आणि पडला तर त्याचं काय करता, एवढंच विचारलं. गोळा करून जाळतो, असं मी स्वच्छतेच्या अभिमानाने सांगितलं. हातातली पोह्यांची बशी खाली ठेवून ते उठले आणि परसात निघून गेले. ठरत आलेलं लग्न पाल्यापायी मोडायची वेळ आली. शेवटी आमच्या घरात यापुढे काही जाळलं जाणार नाही, असा शब्द माझ्या वडिलांनी दिला, आणि पुढे कितीतरी दिवस आई देवापुढे उदबत्ती लावतानाही कचरत असे.

त्या भागात पाऊस यायच्या आधी शेताच्या एका तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून भाजतात आणि त्या राखेत भाताची रोपं वाढवतात. त्याला राब म्हणतात. सारं गाव राब भाजत असताना सासरे नाकाला पंचा बांधून ओटीवर बसत, सुतक असल्यासारखे. त्यांच्या खाचरांत गेल्या वर्षी कापलेल्या भाताचे बुडखे तसेच उभे आणि वर पेंढा पांघरलेला. पाऊस झाला की टोकदार काठीने भोकं पाडून ते दाणे टाकत. "जमीन निजलीय जावईबापू, तिला उगा कशाला उठवायची?" असं मला हळू आवाजात सांगत. मी बांधावर जोरात शिंकलो तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे.

गांडुळांना ते आपले बैल म्हणत. वाटेवर एखादं भरकटलेलं दिसलं की उचलून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि टाकल्याचं विसरून जात. एके वर्षी तलाठ्याने लांबूनच बघून त्यांची जमीन कागदावर 'पड' लिहून टाकली, कारण नांगराची रेघ कुठे दिसेना. उभ्या पिकाची जमीन पड कशी, हे विचारायला सासरे तालुक्याला गेले आणि साहेबांसमोर खिशातून अर्ज काढला, तर अर्जाबरोबर दोन बैलही टेबलावर आले. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले आणि अर्ज वाचल्यावाचून मंजूर केला. सासरे त्याला शास्त्राचा विजय मानत. याच भरात त्यांनी एकदा भाताच्या बुडख्यांत न नांगरता गहूही पेरला. आला तो सारा दळून एकच पोळी झाली. तिचे अकरा तुकडे करून त्यांनी घरोघर वाटले आणि चव कशी आहे हे विचारत फिरले.

या सगळ्यात सासूबाईंचं काय होत होतं, ते मला उशिरा कळलं आणि सासऱ्यांना तर त्याहून उशिरा. गावात भाताची लावणी एकमेकांच्या हातांनी होई. आज आपण त्यांच्या खाचरात, उद्या त्या आपल्या. सासूबाई लावणीची गाणी सांगणाऱ्या, गावात त्यांच्यासारखा गळा नव्हता. पण घरी लावणीच नाही म्हटल्यावर त्या बायकांना बोलावणार कशाला? आणि सासूबाईंना बोलावलं, तर त्यांची मदत फेडायला बायकांनी जायचं कुठल्या खाचरात? म्हणून बायका संकोचाने बोलवेनाशा झाल्या. चार शेतं पलीकडे गाणं चाले आणि सासूबाई चुलीपुढे बसून ते ऐकत. एकदा मी पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते.

मग एका वर्षी पावसाने दडी मारली. गावाचे राब पिवळे पडले आणि सासऱ्यांचा भात पेंढ्याखालच्या ओलीवर हिरवागार उभा राहिला. नवा सदरा घालून ते तीन दिवस बांधावर बसून राहिले, लोक बघायला येतील म्हणून. कुणी फिरकलं नाही. डोंगराचं पाणी आतून झिरपत असणार, असं गावाने आपापल्या ओटीवर बसूनच ठरवून टाकलं. तिसऱ्या संध्याकाळी सासरे घरी येऊन म्हणाले, लोकांना आपलं चांगलं बघवत नाही. सासूबाईंनी भाकरी थापायची थांबवली.

"अवो, लोकास्नी कशाला बोल लावता? आपल्या बांधावर यायला कुणाला कारण ठेवलंय का तुमी? मलाबी नाय ठेवलं."

सासरे जेवले नाहीत. पुढच्या आषाढात मी गेलो तर ते शेजारणीचे, बायजाकाकीचे, बैल मागून आणून घराजवळचं खाचर स्वतः चिखलत होते. रोपंही तिच्याच राबातली, राखेत वाढलेली. तत्त्वाचं काय झालं, असं मी गमतीने विचारलं. "सा खाचरं माजी, ह्ये एक तुमच्या सासूचं," असं म्हणून ते बैलांमागे निघून गेले. त्या दिवशी वीस बायका आल्या आणि सासूबाईंनी दुपारपर्यंत गाणी सांगितली. त्या खाचरात भात दरवर्षी सगळ्यांत कमी येई. हे सासरे मला आकड्यांनिशी पटवून देत आणि आषाढ आला की बैल मागायला जात.

सासूबाई गेल्या त्या वर्षी गावाला वाटलं, आता म्हातारा सुटला. पाऊस लागताच त्यांनी ते खाचर चिखललं. मीही पँट दुमडून रोपाची मूठ घेऊन उतरलो. बायका आल्या, ओळीने वाकल्या, पण गाणं कुणीच काढेना. पहिलं कडवं नेहमी सासूबाईंचं असे. अर्धं खाचर तसंच मुकाट्याने लावून झालं. सासरे बांधावर उभे होते. शेवटी त्यांनीच हाक दिली.

"बायजे, म्हण गं तू. या खाचराला सवय हाय."

बायजाकाकीने गाणं काढलं, थोडं चुकीच्या सुरात, मग बाकीच्या मिळाल्या. सासरे डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. मी मान खाली घातली आणि पुढचं रोप लावलं.