वन्संचा आठवा थेंब

दवाखान्यातल्या त्या दुपारी वन्संनी खुणेनं जवळ बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता कपाटाच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात ते सांगणार. कुठलं काय! तोंडावरचा मास्क जरा बाजूला करून म्हणाल्या, “वहिनी, टाकी तुमच्याकडे.” मी उडालेच. म्हटलं, “अहो, शुद्धीवर आहात ना? एकदा घात करून बसलेय मी!” तर बाई हसल्या. “म्हणूनच. एकदा चुकलेला माणूस पुन्हा घाई करत नाही...” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्याला आता सात आठवडे झाले.

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, कुमुद. मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही आणि त्याबद्दल कुणाला खुलासाही दिला नाही. रिटायर झाल्या आणि जयेंद्रगंजातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत चार फुटी काचेची टाकी आणून त्यांनी त्यात समुद्र भरला. ग्वाल्हेरात समुद्र! फिल्टरचं पाणी, पाकिटातलं मीठ, ढवळायला लाकडी पळी, की झाला बाल्टीत समुद्र तयार. त्यात मासे दोनच, बाकी सगळी प्रवाळं. तीही इतरांच्या टाक्यांत वाढलेली, रीतसर कागदपत्रं असलेली. समुद्रातून तोडून आणलेला तुकडा त्यांनी कधी घरात घेतला नाही. दूधवाला एकदा दारातून डोकावून म्हणाला, “बुआजी, पत्थर पाल रखे हैं क्या?” वन्संनी त्याला पातेल्यासकट आत बोलावलं. “पत्थर नहीं भैया, जानवर हैं. अपना घर खुद बनाते हैं.” तो बिचारा अर्धा तास अडकला आणि पुढच्या घरांचा चहा खोळंबला.

रोज सकाळी सातला त्या टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेत आणि त्यात औषधाचे थेंब सोडत. एक... दोन... तीन... मोठ्यानं मोजायच्या, शाळेत हजेरी घेतात तशा. आधी पाणी निळं व्हायचं आणि आठव्या थेंबाला पिवळं. आठ आले की पाण्यातला क्षार बरोबर, कारण त्यातूनच हे जीव आपलं दगडी घर बांधतात. सात आले तर एक छोटा चमचा पावडर, तीही पाण्यात विरघळवून, हळूहळू. “यांना थोडं कमी-जास्त चालतं, वहिनी,” त्या सांगायच्या, “झटका मात्र सोसत नाही.” आमचं अख्खं घर त्या मोजण्यानं जागं व्हायचं.

आणि मी? मी म्हणजे एक घाव दोन तुकडे. नऊ वर्षांपूर्वी वन्सं एका लग्नाला इंदूरला गेल्या आणि चार दिवस टाकी माझ्यावर आली. दुसऱ्याच सकाळी सहाव्या थेंबाला पिवळं! म्हटलं, एवढं कमी? आमटीत मीठ कमी पडलं तर आपण काय करतो? वाटीभर पावडर ओतून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सगळ्यात लाडक्या, फांद्या-फांद्यांच्या प्रवाळाचं अंग भिजवलेल्या बदामाच्या सालासारखं सुटायला लागलं, आत नुसतं पांढरं हाड. मी ढसाढसा रडले. वन्सं आल्या, हातातली पिशवीही खाली न ठेवता बघत उभ्या राहिल्या. एक बोटभर टोक अजून हिरवं होतं, तेवढं तोडून त्यांनी नव्या दगडावर चिकटवलं. “हे जगलं तर तुमचं.” ते जगलं. वाढत वाढत ताटाएवढं झालं आणि घरात त्याचं नाव ‘वहिनींचं झाड’ पडलं.

वन्सं गेल्या तेव्हा मे महिना होता, आपल्याकडचा, अंगाची लाही करणारा. सुतकाच्या पाचव्या दिवशी बाहेरच्या खोलीत गरुडपुराण चाललं होतं. टाकीचं पाणी थंड ठेवणारं मशीन घरघरतं, म्हणून मोठ्या भाऊजींनी, म्हणजे वन्संच्या थोरल्या भावानं, सकाळीच त्याचं बटण बंद केलं. मला पत्ताच नाही! दुपारी बाहेर आले तर पाणी एकतीस अंशांच्या वर, एरवी ते सव्वीस असतं. सगळी प्रवाळं मिटलेली, माझ्या झाडाची टोकं पांढुरकी. भाऊजींचा चेहरा उतरला. त्या उन्हात हा सत्तरीतला माणूस नई सडकवर धावला आणि बर्फाची लादी घेऊन आला. “घाल, घाल लवकर!”

माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला सांगू? पण नऊ वर्षांपूर्वीची ती वाटी डोळ्यांपुढे आली. मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा भाऊजींवर ओरडले, “हात लावू नका!” मग मशीन सुरू करून त्याचा काटा थोडाच खाली आणला, टाकीचं झाकण काढलं, पाण्यावर टेबलफॅनचा वारा सोडला आणि खुर्ची ओढून बसले. काही न करता बसणं एवढं अवघड असतं हे मला साठीत कळलं! भाऊजीही शेजारी बसले. परातीत बर्फ वितळत होता. त्याकडे बघत म्हणाले, “कुमुद असती तर?” म्हटलं, “अशाच बसल्या असत्या.” त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. दिवेलागणीला एकोणतीस झालं, दुसऱ्या दिवशी सव्वीस.

झाडाची तीन टोकं गेली, बाकीचं वाचलं. मला वन्संची आठवण भांडी घासताना येते, पेपर उघडताना येते, आणि येते तेव्हा चांगलीच येते. भाऊजी आता रोज सातला दौलतगंजातून चहाला येतात आणि चप्पल काढायच्या आत विचारतात, “किती आले?” आज सकाळी मी मोजत होते. मोठ्यानंच मोजते, घराला सवय आहे. सहा... सात... आठव्या थेंबाला पिवळं. गेलेल्या टोकांपैकी एकाच्या बुडाशी हिरवी कड चढताना दिसली.

“मग आता काय घालायचं?” भाऊजींनी विचारलं.

“काही नाही,” म्हटलं, आणि वन्संचा चमचा कोरडाच डब्यात ठेवला.