एका भाकरीसाठी चूल

सुनीता काट्यावरून उतरली तेव्हा वंदनाताईंनी माझ्याकडे पाहिलं. वजन मागच्या महिन्याएवढंच होतं. पोटातलं बाळ सहा महिन्यांचं, आणि आईचं वजन जागचं हललेलं नाही.

वंदनाताई तांड्यावरच्या अंगणवाडीच्या सेविका. मी पर्यवेक्षिका, म्हणजे अशा वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणारी. फुलसावंगीच्या बाजूचा हा बंजारा तांडा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. घरांना कुलपं लागतात. मागे राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोपवलेली नातवंडं. कोंबडं आरवलं तरी साऱ्या तांड्यात घुमतं.

त्या वर्षी सुनीता मागे राहिली होती, ती माझ्यामुळे. मागच्या हंगामात तिचं पहिलं बाळ उसाच्या फडावरच गेलं होतं. अपुऱ्या दिवसांचं, मुठीएवढं. या खेपेला मी तिच्या नवऱ्याला आणि सासूला समजावलं की हिला मोळ्या उचलायला नेऊ नका. इथे राहिली तर टीएचआर मिळेल, गोळ्या मिळतील, दर महिन्याला तपासणी होईल. टीएचआर म्हणजे गरोदर बाईला घरी न्यायला दिलेला कोरडा आहार. नवऱ्याने बराच विचार करून होकार दिला. नवऱ्याला आणि सासूला घेऊन ट्रक निघाला तेव्हा सुनीता रस्त्यापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली, असं वंदनाताईंनी मला नंतर सांगितलं.

आता वजन हलत नव्हतं. मी आमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना फोन लावला.

“टीएचआर पोचतो ना?” सरांनी विचारलं.

“पोचतो सर.”

“लोहाच्या गोळ्या?”

“दिल्यात.”

“मग समुपदेशन वाढवा.”

समुपदेशन म्हणजे समजावून सांगणं. मी समजावलं. गोळी चहासोबत घेऊ नकोस, जेवणानंतर घे, शी काळी झाली तर घाबरू नकोस. नर्सबाईंनी रक्त, लघवी, बीपी सगळं पाहिलं. आजार कुठलाच नव्हता. सुनीता प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. पुढच्या खेपेला काटा पुन्हा तिथेच.

मग एका दुपारी मी तिच्या घरीच गेले. चूल थंडगार होती. भिंतीतल्या देवळीत आहाराची पाकिटं न फोडता नीट रचून ठेवलेली. सकाळपासून काय खाल्लंस विचारलं, तर म्हणाली, काळा चहा आणि मुरमुरे.

“काहून गं? पीठ आहे, डाळ आहे.”

तिने देवळीतलं एक पाकीट सरळ केलं. मग म्हणाली, “सासू होती तं धा भाकरी थापाव्या लागे म्याडम. आता एका भाकरीसाठी चूल कायले पेटवू? अन् पेटवली तरी घास आत जात नाही.”

मी स्वतः नोकरीसाठी महागावला एका खोलीत राहते. मिस्टर नागपूरला, मुलगी पुण्याला. कित्येकदा गॅससमोर उभ्याउभ्या बिस्किटं खाऊन मी झोपलेली आहे.

मी पिशवीतला माझा जेवणाचा डबा उघडला आणि तिला भाकरी टाकायला सांगितली. पिठलं तिने केलं. आम्ही दोघी जेवलो. ती पोटभर जेवली, दुसऱ्यांदा पिठलं घेतलं. निघताना तिने विचारलं, “उद्या येता?”

उद्या मला दुसऱ्या टोकाच्या गावांना जायचं होतं. तसं सांगितलं. तिने मान हलवली.

वंदनाताईंशी बोलून मी एक तोड काढली. तीन घरं सोडून हिरीबाई राहायच्या. सगळा तांडा त्यांना याडी म्हणायचा. गोरबोलीत याडी म्हणजे आई. त्यांच्याकडे दोन नातवंडं होती. दोन्ही घरांनी एकच चूल ठेवावी, असं मी सुचवलं. याडी शांतपणे म्हणाल्या, “तिच्या सासूनं सांडपान्यावरून माह्याशी बोलनं टाकलं. मी कायले बोलावू?” सुनीतेला विचारलं, तर सासू आल्यावर भांडेल म्हणून तीही नाही म्हणाली. माझी तोड तिथेच संपली.

पुढे जे झालं त्यात माझा हात नाही. याडींना ताप भरला. त्या उठू शकेनात. नातवंडं उपाशी अंगणात बसलेली सुनीतेने पाहिली आणि त्यांना घरी नेलं. चूल पेटली. पोरांनी तिच्याशिवाय जेवायला नकार दिला, म्हणून तीही जेवली. याडींसाठी कण्या शिजवून घेऊन गेली. ताप उतरला तरी पोरं तिच्याकडेच जेवायला जात राहिली आणि काही दिवसांनी याडीही काठी टेकत त्यांच्यामागे गेल्या. पाकिटं फुटली. त्यातल्या पिठाचा शिरा व्हायला लागला.

पुढच्या महिन्यात काटा हलला. त्याच्या पुढच्या महिन्यात चांगलाच हलला.

सरांचा फोन आला. आढावा बैठकीत यशोगाथा म्हणून मांडायचं होतं. “नेमकं काय केलंत?”

मी सगळं सांगितलं. “हे कुठल्या रकान्यात बसवू मॅडम? समुपदेशन लिहितो.”

“लिहा,” मी म्हणाले.

सुनीतेला मुलगी झाली. सरकारी दवाखान्यात, पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची. नवरा कारखान्याकडून दोन गाड्या बदलून पोचला. तोवर दवाखान्यात तिच्या उशाशी याडी बसून होत्या.

पुढच्या दिवाळीनंतर सुनीता लेकीला कडेवर घेऊन ट्रकमध्ये चढली. मी लेकीच्या आहाराबद्दल बोलले, मागे राहण्याबद्दल यावेळी बोलू शकले नाही. “इथं एकटं नाही राह्यवत म्याडम,” ती म्हणाली. मी मुलीचं लसीकरण कार्ड तिच्या पिशवीत ठेवलं.

आता गरोदर बाईला काय जेवतेस हे विचारण्याआधी मी कोणासोबत जेवतेस ते विचारते. काहीजणी हसतात. काहीजणी उत्तर द्यायला वेळ लावतात, तिथे मी डबा घेऊन जाते.