विंचूरची सेनापती

सेनापतीला पडद्यावरच्या माणसांशी भांडायची सवय होती. सिनेमा असो, मालिका असो की क्रिकेटचा सामना, गप्प बसून काही बघणं तिला जमतच नसे. नाशिकरोडच्या आमच्या घरात स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून ती मांडी घालून बसायची आणि ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतल्या, लाजऱ्या पोराला थेट विंचूरच्या मराठीत झापायची, "अय येड्या, बोल ना! ती काय पंचांग बघून येणार हे का?" स्वयंपाकघरातून माझी आई दचकून विचारायची, "अगं, कोणाला बोलतेयस?"

तिचं खरं नाव वैष्णवी. विंचूरला शेती आणि कांद्याचा व्यापार करणाऱ्या घरातली थोरली मुलगी. अकरावीला नाशिकला आली आणि मावशीकडे राहू लागली. मी तिच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर चित्रं काढत बसणारा. पहिल्याच आठवड्यात तिनं मागं वळून माझा कागद ओढून घेतला. त्यावर एका ॲनिमेतली बाई सेनापती काढली होती. तिनं मान तिरकी करून बघितलं. "चित्र लय भारी हे. पण चिलखत चुकलंय. हिचा डावा खांदा उघडा असतो." मी घरी जाऊन तपासलं. खरंच उघडा होता. दुसऱ्या दिवसापासून मी तिला सेनापती म्हणायला लागलो, आणि बघता बघता सगळा वर्ग म्हणायला लागला. तिला ते इतकं आवडलं, की हजेरीत स्वतःचं नाव आलं तरी क्षणभर तिला कळायचं नाही.

तिचं एकच वेड होतं. आवडत्या पात्राचा हुबेहूब पोशाख करायचा, तसाच चेहरा रंगवायचा आणि चारचौघांत त्या पात्रासारखं वागायचं. याला कॉस्प्ले म्हणतात, हे तिनं माझ्या आईला समजावून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे बहुरूपीच की गं. आमच्या गावाला यायचे." सेनापती हरखून गेली. "काकू, तुम्ही एका शब्दात सांगितलं. आमच्या मावशीला मी महिना झाला समजावू राह्यले." त्या दिवसापासून आईची आणि तिची गट्टी जमली. आमच्या घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. पहिल्यांदा आली तेव्हा ती तिथं थांबली, हात जोडले आणि मग चप्पल काढायची राहिली म्हणून धावत परत दाराकडे गेली. आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

पहिला पोशाख अर्थातच सेनापतीचा. चिलखत मी जुन्या योगा मॅट कापून केलं, त्यांना सोनेरी रंग दिला. लाल झगा आईनं पडद्याच्या कापडाचा शिवून दिला. झग्याच्या कडेला जाळी हवी होती, ती काही मनासारखी मिळेना. तेव्हा सेनापती रविवारी विंचूरला गेली आणि कांद्याची लाल जाळीदार गोणी घेऊन आली. "धुतली हे दोनदा," ती म्हणाली. तरी वास यायचाच. झगा अंगावर घेऊन ती आमच्या गॅलरीत उभी राहिली, खाली खेळणाऱ्या पोरांना हुकूम सोडू लागली, आणि पोरंही निमूटपणे रांगेत उभी राहिली.

त्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये कॉस्प्लेची स्पर्धा होती. स्टेजवर जपानीत एक वाक्य म्हणायचं तिनं घोकून घोकून पाठ केलं होतं. उजेड तोंडावर आला आणि ते सगळं उडालं. मी विंगेत उभा होतो. मग ती तलवार वर करून गरजली, "माघारी फिरा! नाय तर एकेकाला असा बडवीन ना, पार चांदवडपर्यंत पळाल!" अख्खा हॉल हसून लोटपोट झाला. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि कोणीतरी काढलेला व्हिडिओ दोनच दिवसांत विंचूरला पोचला.

तिचे वडील, अण्णा, स्वतः जीप घेऊन आले. मावशीच्या दारात आम्ही दोघं मान खाली घालून उभे. पांढरा सदरा, कपाळावर बुक्का, आवाज न चढवता बोलणारा माणूस. त्यांनी चिलखत हातात घेतलं, उलटं करून पाहिलं. मग विचारलं, "हे कोणी बनवलं?" मी हात वर केला. "आन् ही जाळी आपल्या गोणीची हे का?" सेनापतीनं मान हलवली. अण्णांनी झग्याचा वास घेतला आणि खो खो हसायला लागले. जाताना मला म्हणाले, "हिला 'पोरी, नाव काढलंस' म्हणावं, का हिचा कान धरावा, मला कळंना. तूच सांग." आजही त्या माणसाचं हसू आठवलं की बरं वाटतं.

बारावीत ती मालिका सुरू झाली, जिच्यातल्या पोराला सेनापती शिव्या घालायची. एका मुलीला कॉस्प्लेचं वेड, एक बुजरा मुलगा तिला मदत करतो, दोघं एकमेकांवर जीव टाकतात आणि कोणीच काही बोलत नाही. बोटाला बोट लागलं की दोघं पुढचा अख्खा भाग लाल होऊन बसतात. दर आठवड्याला नवा भाग यायचा आणि शनिवारी दुपारी आम्ही तो पोह्यांबरोबर बघायचो. एकदा ती वैतागून म्हणाली, "यांचं जमेस्तोवर आपल्याला नातवंडं होतील, पंक्या." मग 'आपल्याला' हा शब्द तिच्याच लक्षात आला. ती पोह्यांतले शेंगदाणे वेचू लागली. मी मोबाइलचा आवाज वाढवला. आतून आईचा भांडी लावण्याचा आवाज थांबला होता.

त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. "पोरगी गुणी आहे," ती म्हणाली. "पण बाळा, त्यांची माणसं वेगळी, आपली वेगळी. उद्या काही झालं तर तिला कोणी काही करणार नाही, तुला करतील. जपून राहा." मी म्हटलं, "तसं काही नाहीये आई." आणि तोपर्यंत तसं काही बोललं गेलंच नव्हतं, त्यामुळे मी खोटंही बोललो नाही.

बोलण्याची वाट सेनापतीनंच काढली. परीक्षा संपल्यावर पुन्हा स्पर्धा होती. ती म्हणाली, "या वेळी जोडीनं. मालिकेतली ती मी, आन् तो तू." मी कधीच पोशाख घातला नव्हता, मी नेहमी विंगेतला. "मला जमणार नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुला काय बोलायचं नाय. नुसतं माझ्या शेजारी उभं राह्यचं. सगळ्यांसमोर. बाकीचं मी बघते." इतकं सरळ तिनं मला कधी काही सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो. माझ्या मापाचा निळा कोट मी स्वतः कापला आणि आईनं रात्री जागून शिवून दिला.

स्पर्धेच्या आठवड्यातच अण्णा बाजार समितीत लिलाव चालू असताना कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सेनापती मिळेल त्या गाडीनं विंचूरला गेली. आधी आठ दिवसांसाठी, मग पेरणीपर्यंत, मग कांदा निघेपर्यंत. भाऊ लहान होता, चुलते धंद्यावर टपून बसले होते. ती अण्णांच्या जागी लिलावात उभी राहू लागली. फोनवर मागून ट्रॅक्टरचे आवाज यायचे. "पंक्या, नंतर बोलते रे," एवढंच व्हायचं. मालिकेचे भाग साठत गेले. मी एकट्यानं ते बघितले नाहीत.

वर्षभरानं मी विंचूरला गेलो. कांद्याच्या ढिगांमधून ती चालत आली, डोक्याला रुमाल, उन्हानं रापलेली. एक आडदांड व्यापारी तिच्या मालाला नावं ठेवत होता. तिनं कांदा फोडून त्याच्या नाकाखाली धरला आणि अशा आवाजात दोन वाक्यं सुनावली, की तो मुकाट्यानं पुढं सरकला. मला तो आवाज ओळखीचा होता. फक्त आता समोर टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं.

आम्ही टपरीवर चहा घेतला. ती म्हणाली, "लग्न ठरलंय माझं. चांदवडची माणसं हेत, धंद्यातलीच. अण्णांना आन् भावाला सांभाळतो म्हटला तो. मला कोणी जबरदस्ती केली नाय, मीच हो म्हटलं." मी विचारलं, "चांगला आहे?" "चांगला हे," ती म्हणाली. मग तिनं ग्लास खाली ठेवला. "तू बोलला असतास तर मी आले असते का, ते मलाच ठाव नाय. पण ऐकायला आवडलं असतं रे." मी तेव्हा बोलायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "आता नको. आता ऐकलं तर मला जड जाईल."

लग्नाला आई माझ्याबरोबर आली. मी नको म्हणत होतो, तरी आली. चांदवडच्या मांडवात सेनापती शालू नेसून उभी होती, खुर्चीवर अण्णा, डाव्या हातानं तिचा पदर धरून. आईला बघताच ती सगळ्या पाहुण्यांदेखत स्टेजवरून खाली उतरली आणि आईच्या पाया पडली. आईनं तिला उठवलं, उराशी धरलं, आणि दोघीही हुंदके देऊन रडल्या. लोकांना वाटलं, कोणी जवळची नातेवाईक असेल. माझ्याकडे ती शेवटी वळली. "जेवून जा," एवढंच म्हणाली.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. पिंपळगाव मागं पडल्यावर ती एकदम म्हणाली, "मी तेव्हा तुला तसं सांगायला नको होतं." तिचा हात मी हातात घेतला. "तू सांगितलं नसतंस तरी मी बोललो नसतो," मी म्हणालो. ते खरं होतं, की आईला बरं वाटावं म्हणून म्हणालो, हे मला अजून कळलेलं नाही.