झाडलोट आणि दमा

ज्याचे घर स्वच्छ त्याचे मन स्वच्छ, आणि ज्याचे मन स्वच्छ त्याच्या घरी आरोग्य नांदते. हे वाक्य मी माणिकपूरच्या शाळेत कित्येक वर्षे मुलांकडून शुद्धलेखनासाठी लिहून घेतले. वाक्य माझेच होते आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता. मी ते रचले तेव्हा माझे लग्न झालेले नव्हते आणि आमचे घर आई झाडत असे.

आई गेली. मग लग्न झाले आणि घर बायको झाडू लागली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, तिला दमा लागला. मग घर मी झाडू लागलो.

घर केळीच्या वाडीत होते. वाडीतल्या घरात वाडी येते. पिकायला घातलेल्या घडांचा पेंढा, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधायची वाळकी पाने, पाटाच्या पाण्यात उभे राहून आलेल्या गड्यांच्या पायांची माती. त्यात जमीन शेणाने सारवलेली. अशा जमिनीची गंमत अशी की झाडताना केरात थोडी जमीनही येते. मी रोज घराचा एक पातळ थर उचलून बाहेर टाकत असे.

वसईच्या डॉक्टरांनी बायकोला तपासून पुड्या दिल्या आणि गंभीरपणे सांगितले, "धूळ टाळा." सांगताना त्यांनी टेबलावरची धूळ फुंकली.

घरात तिसरे माणूस म्हणजे माझी आत्या. बालविधवा, कमरेत वाकलेली, सोवळ्याची कडक. तिला झाडता येत नव्हते, पण वाकलेली असल्यामुळे तिची नजर कायम जमिनीवरच असे. तिने माझ्या हातात पहिल्यांदा केरसुणी पाहिली तेव्हा ती चुलीपाशी बसून होती.

"या घरात पुरुषाने केरसुणी धरलेली मी पाहिली नाही," ती म्हणाली.

"मग तिकडे तोंड कर, आत्या."

"तोंड फिरवून केर दिसायचा राहतो का? कोपऱ्यात बघ."

कोपऱ्यात केर होता.

काही दिवसांनी तिने मला जवळ बसवले आणि आवाज खाली आणून सांगितले की आगाशीकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर तिने बायकोच्या भावाला निरोप धाडला आहे. दिवाळी झाली की त्याने यावे आणि बहिणीला घेऊन जावे. "बरी झाली की आणू," आत्या म्हणाली. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. बरे होण्यासाठी माहेरी गेलेल्या दोघीजणी मला माहीत होत्या. त्यांच्या नवऱ्यांची दुसरी लग्ने जेवून आलेला मी माणूस.

"तिला मी पाठवणार नाही."

"घर कोण सांभाळणार? तू? हे असं? घर नीट राहिलं असतं तर मी बोलले असते का?"

म्हणून मी ठरवले की घर नीट राहील. भाऊ येईल तेव्हा त्याला जमिनीवर बोट फिरवूनही काही सापडता कामा नये. माझ्या हातात दुसरे काही नव्हते. औषध डॉक्टरांच्या हातात होते, आणि त्यांच्याही हातात फारसे नव्हते असे आता वाटते.

लढाई संपली होती, पण रेशन संपले नव्हते. घासलेट जपून वापरावे लागे, म्हणून दिसू लागले की झाडायला सुरुवात करायची. आधी आतली खोली, मग माजघर, मग पडवी, मग खराटा घेऊन अंगण. विहिरीचे पाणी भरायचे, पेज रटरटत ठेवायची, गड्यांना कामाला लावायचे आणि शाळेकडे चालत सुटायचे. संध्याकाळी परत आलो की पुन्हा झाडायचे, आणि एक दिवसाआड सारवायचे. शाळेत मी उभ्या उभ्या पेंगू लागलो. हेडमास्तर एकदा दारात येऊन म्हणाले, "मास्तर, वर्ग जागा आहे." त्यांना विनोद करायचा नव्हता.

आणि बायकोचा दमा वाढत गेला. सकाळी ती दाराच्या चौकटीला धरून बसे. खांदे कानांपर्यंत वर जात, छातीतून शिटी वाजे. एक वाक्य बोलायचे तर मध्ये तीनदा थांबावे लागे. तिला असे बघून मला एकच सुचे. मी अजून जोरात झाडू लागे.

कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब होते. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईला मी मावशी म्हणत असे. त्यांनी नुकताच ओटीवर सिमेंटचा कोबा घातला होता आणि मावशी तो रोज सकाळी पाण्याने धुवून काढत. एका सकाळी मी अंगणात खराटा मारत होतो आणि बायकोचा श्वास असा अडकला की तिचे ओठ निळे दिसू लागले. मी खराटा टाकला. मावशींनी कुंपणावरून हाक मारली, "मास्तर, तिला इकडं आणा. ओटीवर बसू दे."

मी तिला जवळजवळ उचलूनच नेले. आत्या मागून काहीतरी म्हणत होती. ओल्या, गार कोब्यावर बायको भिंतीला टेकून बसली. मावशींनी तिची पाठ चोळली. शिटी हळूहळू खाली आली. मग कितीतरी दिवसांनी तिने एक वाक्य सलग उच्चारले. ते असे होते: "तुम्ही झाडायला लागलात की मला सुरू होतं."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिने आमच्या घराकडे पाहिले. "नाही झाडलं तर माहेरी जायचं. झाडलं तर एवढंच होतं."

मावशी म्हणाल्या, "एवढंच म्हणे. बाय, मघाशी तू जात होतीस."

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवावेसे वाटत नाहीत. झाडले नाही तर आत्या केर मोजत फिरे. पाणी शिंपडून झाडले तर चिखल होई आणि दमट जमिनीनेही तिला धाप लागे. शेवटी मी रोज सकाळी तिला मावशींच्या ओटीवर सोडून परत येऊन झाडू लागलो. हे किती दिवस चालेल ते मला कळत नव्हते. भाऊ आला की हे थांबणार, एवढे कळत होते.

तो आला तेव्हा घर असे लखलखीत होते की त्याने पायताण अंगणातच काढले. आत्याने त्याला गूळपाणी दिले आणि म्हणाली, "घरात बघ, बहीण दिसते का. ती तिकडं. किरिस्तावांचा चहापाव खात बसते."

भाऊ कुंपणापाशी गेला. मी त्याच्या मागे होतो. तो बराच वेळ बहिणीकडे बघत राहिला. ती खरोखरच पाव खात होती.

"इथं दम लागत नाही?" त्याने विचारले.

"नाही रे दादा."

"आमच्याकडे यंदा भाताचा कोंडा दारापर्यंत आलाय," तो म्हणाला. मग कोणाकडेही न बघता, "आणि तुझ्या वहिनीला पुन्हा दिवस गेलेत." तो परत फिरून आत्याला म्हणाला, "आत्याबाई, तिकडं नेली तर मरेल ती. इथेच राहू दे." गाडी जुंपून तो ऊन उतरायच्या आत गेला. त्याने आत काय पाहिले आणि काय नाही, याची चौकशी मी कधी केली नाही.

मग बायको दिवसभर त्या ओटीवरच राहू लागली. रात्री मावशींच्या लेकीजवळ झोपू लागली. मीही शाळेतून आलो की तिथेच वह्या तपासत बसे. घर झाडायची घाई राहिली नाही, कारण घरात एकटी आत्या होती.

शिमग्याच्या सुमारास एका दुपारी आत्याही कुंपण ओलांडून आली. बसायला पाट तिने घरून आणला होता.