भंगारात दिलेले ट्रे

माझी रेघ फार सरळ होती. तिची शिक्षा माझ्या मोठ्या भावाला झाली.

मी भिलाईच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि दादाचं सुपेल्यात कूलर बनवायचं वर्कशॉप. इथल्या पाण्यातल्या क्षारांनी कूलरच्या वरच्या ट्रेची भोकं दर उन्हाळ्यात बुजायची, खालचं गवत कोरडं राहायचं आणि घरात गरम झळा यायच्या. दादाने तीन उन्हाळे त्यावर डोकं शिणवलं. भोकं मोठी केली, तिरपी केली, जाळी लावली. फरशी पुसून पुसून वहिनी कातावली. शेवटी त्याने तळाची भोकं बंदच करून टाकली आणि ट्रेच्या काठाला दात पाडले. ट्रे भरला की पाणी दातांमधून गवतावर सांडायचं. बुजायला काही उरलंच नाही.

दादाने पेटंटसाठी अर्ज केला. सोबतचं ड्रॉइंग माझं. डावीकडे जुना ट्रे, उजवीकडे नवा, आणि बदल तेवढा लाल शाईत. पेटंट कचेरीतल्या साहेबांना एका नजरेत कळलं पाहिजे, ही माझी मिजास.

एका मोठ्या कूलर कंपनीने हरकत घेतली. यात शोध कसला, हे कुणालाही सुचेल, म्हणे. उत्तर देताना दादाला फसलेले सगळे ट्रे पोत्यात घालून न्यायचे होते. मी त्याला झापलं. साहेबांपुढे गंजके पत्रे मांडशील तर लोक हसतील, म्हणालो. शिकलेला मी होतो, म्हणून त्याने ऐकलं. ते ट्रे मी स्वतः कबाड्याच्या हातगाडीवर चढवले.

पेटंट कचेरीत हरलो, हायकोर्टात अपील केलं. तिथे कंपनीच्या वकिलाने माझंच ड्रॉइंग वर धरलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. बघताक्षणी कळतं, म्हणाला. उत्तर दिसल्यावर सगळेच हुशार, मी मनात म्हणालो. मग इतकी वर्षं तुमच्या इंजिनिअरांना का सुचलं नाही, असं ओरडावंसं मला वाटत होतं. जज्जांनी विचारलं, आधी काय काय करून पाहिलं, त्याचा काही पुरावा दाखल आहे का? आमच्या वकिलाने मागे वळून पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

अपील फेटाळलं.

परतताना रायपूरहून बस धरली. वाटेत कुम्हारीला दादा म्हणाला, "ते ट्रे राहिले असते तं त्यायले दिसलं असतं, मी किती डाव चुकलो ते."

माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, अजून वरच्या कोर्टात जाता येतं. त्याने मान डोलावली. शिकलेला मीच होतो ना.