पुस्तिकेत नसलेलं पान

भूत, चकवा, अंगात येणं, यातलं मी काहीच मानत नाही. बी.ए.ला इंग्रजीबरोबर लॉजिक घेतलं होतं आणि तो विषय मला मनापासून आवडायचा. ईशान, मीरा, म्हणूनच हे फोनवर न सांगता लिहून पाठवते आहे... फोनवर तुम्ही हसाल आणि मी मध्येच थांबेन.

१९७३चा डिसेंबर. तुमचे आजोबा राहुरी तालुक्यात मुळेच्या जलाशयावर सर्वेच्या कामाला होते. आमचं क्वार्टर पाण्यापासून दहा मिनिटांवर. त्या आठवड्यात त्यांचा तंबू पलीकडच्या काठावर होता आणि मोटरबोट अलीकडे, कारण त्यांना सोडून परत येताना तिचं हॅण्डल जड होत होत पार जाम झालं होतं. बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन या हॅण्डलने डावी-उजवीकडे फिरवायचं, तशी बोट वळते. ते फिरलं नाही तर बोट नुसती नाकासमोर धावते.

सकाळी नऊच्या सुमाराला पलीकडचा एक मच्छीमार वल्हं मारत आला. "बाई, सायबांच्या पोटात पहाटेपासनं कळा हायेत. उलट्या, ताप. पाय पोटाशी घिऊन पडल्यात. माझ्या होडीत आनलं असतं, पन वारं सुटलंय, आन् तेंना हालवत नव्हतं." तिकडून गाडीरस्ता नव्हता. बैलगाडीने वळसा घालायचा तर अख्खा दिवस गेला असता.

काठावर लक्ष्मण मिस्त्री बोटीपाशीच बसला होता. हा देवळाली प्रवऱ्याचा, विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा. दोन दिवस त्याने ते हॅण्डल ओढून पाहिलं, ठोकून पाहिलं, वरून तेल सोडलं.

"ह्ये इंग्रजी इंजिन हाय, बाईसाहेब," तो म्हणाला. "शिकल्याल्या मानसांनी हात लावायचा."

"मी शिकलेली आहे."

"मंग तुमी वाचा. हात मी चालवतो."

मी घरी जाऊन इंजिनाबरोबर आलेली पुस्तिका आणली. स्टिअरिंगचं पान सापडलं. डाव्या बाजूला चित्र होतं — वर उचललेलं इंजिन, त्याला बोटीशी धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटखाली गेलेला एक हात आणि बाण. उजवीकडे मजकूर. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. इंजिन पूर्ण वर उचला. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला, खाली, दुसरं ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची बारीक तोटी, आहे. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा, आणि भरताना हॅण्डल हलवत राहा.

मिस्त्री वाकला आणि त्याने चित्रावर अंगठा टेकवला. "हितं?"

"अहो, पुस्तक काळं होईल."

"आधी सायबांना आनू. मंग पुस्तक पुसू."

त्या जागी निपल दिसतच नव्हतं, नुसता राखाडी रंग होता. मोठे साहेब तपासणीला येणार म्हणून आजोबांनी स्वतःच हौसेने इंजिनावर रंगाचे दोन हात मारले होते. मिस्त्रीने पटाशीने रंग खरवडला... आणि निपल निघालं. त्याने ग्रीसगन लावली. डांबरासारखं वाळलेलं काळं ग्रीस हळूहळू बाहेर यायला लागलं. हॅण्डल आधी बोटभर हललं, मग वीतभर. थोड्या वेळाने मी एका हाताने ते फिरवू शकले.

तासाभरात बोट त्यांना घेऊन परत आली. जीपने नगरला नेलं, दुपारीच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं.

तीन आठवड्यांनी ही सगळी हकीकत ऐकून पडल्या पडल्या आजोबांनी विचारलं, "दुसरं निपल? असं काही पुस्तिकेत असल्याचं मला आठवत नाही." मी पुस्तिका दिली. त्यांनी शांतपणे पानं उलटली आणि परत माझ्या हातात ठेवली. स्टिअरिंगबद्दल तिथे एकच ओळ होती — जड झाल्यास विक्रेत्याशी संपर्क साधावा. चित्र नव्हतं. मी पानांचे आकडे तपासले, एकही गळलेला नव्हता. शिवण शाबूत होती. अंगठ्याचा डागही कुठे नव्हता. आणि दुसरी पुस्तिका घरात कधीच नव्हती.

आजोबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. मला गप्प राहायला सांगितलं आणि त्याला पुस्तकात काय पाहिलं ते विचारलं.

"चित्र हुतं की, सायेब," तो म्हणाला. "हात हुता, बान हुता. म्या अंगठा ठिवला तर बाईसाहेब माझ्यावर वसकल्या."

भीतीपोटी माणूस काय वाट्टेल ते पाहू शकतो, हे मला मान्य आहे. पण निपल हा शब्दही मी त्या दिवसापूर्वी ऐकलेला नव्हता. आणि मिस्त्री घाबरलेला नव्हता, उलट मलाच धीर देत होता. मी हे अनेक बाजूंनी तपासून पाहिलं आहे. उलगडा आजही झालेला नाही.

आजोबांनी नंतर हा विषय काढला नाही. फक्त एकदा, निवृत्तीनंतर, सकाळचा चहा घेताना अचानक विचारलं, "तेव्हा तू वाचत होतीस, की मनानेच सांगत होतीस?"

"वाचत होते," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. "मग ठीक आहे," म्हणाले आणि पेपर उघडला.

ठीक म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही.