पाचोऱ्याच्या फलाटावरची मुलगी

धुळ्याला एक मुलगी आहे, विशी-बाविशीची. गाणी स्वतःच लिहिते, चालही तिचीच, आणि गिटार घेऊन मोबाइलवर टाकते. निम्मी अहिराणीत, निम्मी शाळेतल्या मराठीत. सगळी प्रेमाची, नाहीतर प्रेम तुटल्याची. पिंप्राळ्यात आमच्या घरी सकाळी पोळ्या लाटताना मी तीच लावते. नवरा चिडवतो, "चौपन्नाव्या वर्षी हे काय लागलं तुला?"

ती उगाच रडवत नाही, म्हणून मला आवडते. 'तो गेल्यापासून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घशात अडकते', एवढंच म्हणते आणि थांबते.

गेल्या हिवाळ्यात तिचं नवं गाणं आलं. पाचोरा स्टेशनवर एक मुलगा गाडीच्या दारात उभा राहून पुलाकडे बघतोय. जिची वाट बघतोय ती तिथेच, पार्सलच्या हातगाड्यांमागे लपली आहे. घाईत तिनं हिरवा कुर्ता उलटा घातलाय.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

पाचोरा माझं माहेर. तीस वर्षांपूर्वी एकानं मला दुपारच्या गाडीनं मुंबईला चल म्हटलं होतं. मी स्टेशनवर गेले, पण पुढे झाले नाही. गाडी गेल्यावरही हातगाडीचा दांडा घट्ट धरून कितीतरी वेळ उभी होते. तेव्हा कुठे कुर्त्याच्या शिवणी बाहेर दिसल्या. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्यालाही नाही. त्याच्या लेखी मी आलेच नव्हते.

त्या मुलीला निरोप पाठवला आणि रविवारी एसटीनं धुळ्याला गेले. तिच्या आईनं चहा ठेवला. मी सरळच विचारलं, "हे गाणं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, काकू. पाचोऱ्याला गाडीची वाट बघत बसले होते. भर दुपारी हातगाड्यांमागे एक मुलगी दिसली, माझ्याच वयाची. कुर्ता उलटा होता, म्हणून सांगायला उठले. जवळ गेले तर कुणीच नाही. हातगाडीच्या दांड्याला हात लावला, तर तो घामानं ओला."

दांड्याचं गाण्यात काहीच नव्हतं.

आतून तिची आई म्हणाली, "बठ्ठासले सांगस ही, ज्याले-त्याले. कोनी इस्वास ठेवत नही."

"ती मी होते," मी म्हणाले.

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. घाबरली नव्हती, चेहरा जुळवून बघत असावी. मग हळूच म्हणाली, "नाही काकू. तुम्ही तर घरी गेल्या. ती अजून तठेच शे, हातगाड्यांमागे."

चहा तसाच राहिला. निघताना तिनं विचारलं, "गाणं काढून टाकू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "चांगलं झालंय." आणि ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, मुंबईच्या गाडीपासून. तो मग म्हणाला, "एकदा जाऊन बघायचं का दोघांनी?"

मी नको म्हटलं. भावाकडे पाचोऱ्याला अजूनही जाते, पण एसटीनं.